पाचक, परंतु कशाचे? विकरांची विशिष्टता आणि तिची प्रायोगिक परीक्षा

उपोद्घात

आष्टी (ता. परतूर, जि. जालना) येथील आमच्या छोट्या औषधनिर्माणशाळेत काही वर्षांपूर्वी दोन चुका लागोपाठ घडल्या. त्या येथे प्रारंभीच नमूद करतो, कारण प्रस्तुत लेखाचा विषय त्यांतूनच निघालेला आहे.

पपईच्या वाळविलेल्या चिकाचे चूर्ण एका व्यापाऱ्याकडून मागविले होते. ते ‘चालू’ आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही पिष्टाच्या पातळ खळीत ते मिसळले, अर्धा तास कोमट ठेवले आणि आयोडीनचा थेंब टाकला. निळा रंग जसाच्या तसा आला. चूर्ण निकामी आहे असे ठरवून आम्ही तो माल परत केला. पुढे दुसऱ्या ठिकाणाहून माल घेतला, त्यात आवळकाठी, सुंठ, जिरे इत्यादी घालून पाचक चूर्ण सिद्ध केले आणि तयार चूर्णाचीच तशी परीक्षा केली. या वेळी आयोडीनचा निळा रंग क्षणार्धात नाहीसा झाला. चूर्ण उत्तम उतरले असे समजून ते रुग्णांना देण्यात आले.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. पपईच्या चिकातील मुख्य विकर प्रथिनांवर कार्य करते, पिष्टावर नव्हे. त्यामुळे पहिला माल कदाचित उत्तम असूनही आम्ही तो नाकारला. दुसऱ्या वेळी निळा रंग घालविला तो आवळ्याने. आवळ्यातील अॅस्कॉर्बिक आम्ल आयोडीनचे क्षपण करते, मग पिष्ट पचलेले असो वा नसो. त्या चूर्णातील चीक दमट हवेत निर्जीव झालेला होता, हे योग्य परीक्षा केल्यावर उघड झाले. तोवर दोन महिने रुग्ण ते घेत होते. अपाय कोणास झाला नाही, परंतु ज्या गुणासाठी रुग्णाने पैसे मोजले तो गुण त्यात नव्हता.

एखादे द्रव्य ‘पाचक’ आहे असे म्हणताना ‘कशाचे पाचक’ हा प्रश्न विचारला नाही, तर परीक्षा करूनही फसगत होते. तो प्रश्न प्रयोगाने कसा सोडवावा, हे येथे थोडक्यात मांडण्याचा हेतू आहे.

विकर आणि त्याचे कार्यद्रव्य

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या, परंतु स्वतः खर्ची न पडणाऱ्या प्रथिनरूप पदार्थांना विकर अथवा एन्झाइम म्हणतात. ज्या पदार्थावर विकर क्रिया करते, त्यास इंग्रजीत सबस्ट्रेट अशी संज्ञा आहे. या लेखात आपण त्यास ‘कार्यद्रव्य’ म्हणू. लाळेतील अमायलेजचे कार्यद्रव्य पिष्ट, जठरातील पेप्सिनचे प्रथिन आणि अग्न्याशयातील लायपेजचे स्नेह. एका विकराने दुसऱ्याचे कार्य सहसा होत नाही. या गुणास विशिष्टता असे म्हणतात.

विशिष्टता किती सूक्ष्म असू शकते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले. द्राक्षशर्करेपासून तयार होणारी दोन संयुगे त्यांनी घेतली. दोहोंतील अणू तेच आणि तितकेच. फरक इतकाच की एका जोडाची दिशा एकात एकीकडे, तर दुसऱ्यात दुसरीकडे. यीस्टपासून मिळणाऱ्या विकराने पहिले संयुग फुटले, दुसरे फुटले नाही. कडू बदामातील इमल्सिन या विकराने नेमके उलट केले. यावरून फिशर यांनी विकर व कार्यद्रव्य यांस कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे १९५८ मध्ये कोशलँड यांनी असे मांडले की कुलूप अगदी ताठर नसते, किल्ली आत येताना ते थोडे आकार बदलते. तरीही मूळ विचार टिकून आहे.

आयुर्वेदाच्या अभ्यासकास हा विचार सर्वस्वी परका वाटू नये. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात जाठराग्नीसह पाच भूताग्नी व सात धात्वग्नी यांचे विवेचन आहे. तेथे पार्थिव, आप्य इत्यादी अग्नी आहारातील आपापल्या अंशाचेच पचन करतात असे सांगितले आहे. मात्र भूताग्नी म्हणजेच विकरे असे समीकरण मांडणे घाईचे होईल. अग्नीची संकल्पना अधिक व्यापक आहे. विकर हा बाटलीत भरता येणारा आणि मोजता येणारा पदार्थ आहे. साम्य आहे ते प्रत्येक पाचकाचे क्षेत्र नेमलेले असते या दृष्टीत, आणि आपल्या प्रयोजनापुरते तेवढे पुरेसे आहे.

शार्ङ्गधरसंहितेतील भेदही येथे ध्यानी घ्यावा. आमाचे पचन न करता अग्नी प्रदीप्त करणारे ते दीपन, उदाहरणार्थ बडीशेप. आमाचे पचन करणारे परंतु अग्नी न वाढविणारे ते पाचन, उदाहरणार्थ नागकेशर. आणि चित्रक दीपनही व पाचनही. म्हणजे ‘पचनास उपयुक्त’ या एकाच शब्दाखाली भिन्न कर्मे येतात, याची जाणीव आपल्या आचार्यांना होती. परीक्षानळीत आपण तपासतो ते यांपैकी एकही संपूर्ण कर्म नव्हे. आपण तपासतो ते अन्नाचा अमुक घटक या द्रव्यामुळे प्रत्यक्ष फुटतो की नाही, इतकेच.

तुरीच्या दाण्यातील धडा

विशिष्टतेचे एक उत्तम उदाहरण आपल्याच शिवारात उभे असते. जालना जिल्ह्यात तुरीचे पीक पूर्वापार आहे. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने दिलेले ‘बीडीएन’ मालिकेतील तुरीचे वाण शेतकऱ्यांना परिचित आहेत. याच तुरीच्या कच्च्या दाण्यात पाचक विकरांना अडविणारी प्रथिने असतात. त्यांना विकररोधक म्हणतात. दाणे खाणाऱ्या किडीपासून स्वतःचे रक्षण करण्याचा वनस्पतीचा तो एक उपाय मानला जातो.

भारतीय कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांचा अभ्यास मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. कमला सोहोनी यांनी १९५० च्या दशकात केला. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेल्या या विदुषीने मायदेशी परतल्यावर नीरा, डाळी अशा सामान्य जनांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले, हे विशेष.

पुढील काम मराठवाड्यातच झाले. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील मराठवाडा विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. मानवेंद्र काचोळे व त्यांचे सहकारी यांनी विकररोधक शोधण्याची एक सोपी व स्वस्त रीत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मुख्य साधन होते एक्स-रेची फिल्म. या फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिन असल्याने ते ट्रिप्सिनचे कार्यद्रव्य होय. दाण्यातील प्रथिने विद्युत्प्रवाहाने जेलमध्ये वेगवेगळी करावयाची, ते जेल ट्रिप्सिनमध्ये भिजवावयाचे आणि फिल्मवर ठेवावयाचे. ज्या ठिकाणी रोधक आहे तेथे जिलेटिन शाबूत राहते, इतरत्र पचून निघून जाते. महागड्या कृत्रिम कार्यद्रव्याची गरज न पडता रोधकांचे पट्टे डोळ्यांना दिसतात.

याच विभागातून १९९८ मध्ये तुरीतील अमायलेजरोधकांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. तुरीतील रोधकांनी मनुष्याच्या लाळेतील व गाईच्या अग्न्याशयातील अमायलेजला अडविले; परंतु जिवाणूंच्या, बुरशीच्या आणि तुरीच्या स्वतःच्या अमायलेजला अडविले नाही. ही सर्व विकरे पिष्टच फोडतात, सर्वांचे नावही अमायलेजच. तरीही रोधक त्यांतील भेद ओळखतो. केवळ नावावरून विकराच्या वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही, प्रयोगच करावा लागतो, हा या कामाचा धडा आहे.

परीक्षेची मांडणी

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. लहान औषधनिर्माणशाळेतही ही परीक्षा करता येते. तत्त्व असे की, एका नमुन्याची परीक्षा एकाच कार्यद्रव्यावर न करता तीन भिन्न कार्यद्रव्यांवर करावी आणि प्रत्येक वेळी सोबत तुलनेच्या नळ्या ठेवाव्यात.

नमुना-द्राव : एक ग्रॅम चूर्ण वीस मिलीलिटर शुद्ध पाण्यात पंधरा मिनिटे ढवळून गाळून घ्यावे. त्याचे दोन भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा. दुसरा उकळत्या पाण्यात नळी ठेवून वीस मिनिटे तापवावा व निववावा. पपईचे विकर उष्णता बऱ्यापैकी सहन करते, म्हणून केवळ कढत करणे पुरेसे होत नाही. उकळल्याने विकर नष्ट होते, परंतु आम्ल, क्षार, साखर आणि रंग बहुतांशी तसेच राहतात. म्हणून कच्च्या द्रावाने घडलेला बदल उकळलेल्या द्रावानेही तितकाच घडत असेल, तर तो विकराचा नव्हे असे समजावे.

तुलनेच्या नळ्या : प्रत्येक परीक्षेत निदान चार नळ्या असाव्यात. (१) कार्यद्रव्य व कच्चा नमुना. (२) कार्यद्रव्य व उकळलेला नमुना. (३) कार्यद्रव्य व नुसते पाणी. (४) कार्यद्रव्य व ज्याचे कार्य निश्चित माहीत आहे असे विकर. चौथ्या नळीतही बदल झाला नाही तर दोष नमुन्यात नसून आपल्या साधनांत आहे. आम्ही पहिला माल परत केला तेव्हा चौथी नळी ठेवली असती, तर लाळेने पचलेले पिष्ट शेजारी दिसले असते, आणि मग ‘पपईकडून पिष्टपचनाची अपेक्षा का करावी’ हा प्रश्न आपोआप पडला असता.

पहिली परीक्षा, पिष्टावर : एक ग्रॅम अरारूट अथवा बटाट्याचे पिष्ट शंभर मिलीलिटर पाण्यात उकळून थंड करावे. पाच मिलीलिटर खळीत एक मिलीलिटर नमुना घालून नळी ३७ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात ठेवावी. फिकट चहासारख्या रंगाचे आयोडीन पांढऱ्या फरशीवर थेंबाथेंबाने मांडून ठेवावे व दर दोन मिनिटांनी नळीतील एक थेंब त्यात सोडावा. पिष्ट फुटत असेल तर निळा रंग क्रमाने जांभळा, तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळसर होतो. किती मिनिटांनी तो पिवळसर झाला याची नोंद करावी. चौथ्या नळीसाठी चूळ भरून घेतलेली व दसपट पाणी घातलेली स्वतःची लाळ उत्तम. लाळेतील अमायलेजला क्लोराइडची आवश्यकता असते, म्हणून चिमूटभर मीठ घातल्यास क्रिया चांगली होते.

दुसरी परीक्षा, प्रथिनावर : येथे एक्स-रे फिल्मचाच उपयोग करावा. रसायनात धुऊन काढलेल्या जुन्या फिल्मच्या काळ्या भागाचे इंचभर तुकडे कापावेत. हा काळेपणा जिलेटिनच्या थरातील चांदीचा असतो. प्रत्येक तुकड्यावर नमुन्याचा एक थेंब ठेवून, झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर ३७ अंशांच्या आसपास अर्धा ते एक तास ठेवावे. नंतर नळाच्या मंद धारेखाली धुवावे. प्रथिन पचले असेल तर थेंबाच्या जागी काळा थर निघून स्वच्छ पारदर्शक ठिपका दिसतो. अलीकडील डिजिटल यंत्रांच्या कोरड्या फिल्मवर या परीक्षेचा भरवसा धरता येत नाही. जुनी ओल्या प्रक्रियेचीच फिल्म घ्यावी. वापरण्यापूर्वी रुग्णाचे नाव असलेला भाग कापून नष्ट करावा.

तिसरी परीक्षा, स्नेहावर : पाच मिलीलिटर साईसह दुधात धुण्याच्या सोड्याचे पातळ पाणी आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घालावेत, दूध गुलाबी होते. लायपेजने दुधातील स्नेह फुटला की मेदाम्ले सुटतात आणि गुलाबी रंग जातो. चौथ्या नळीसाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पॅन्क्रिएटिनच्या गोळीचे वेष्टन काढून तिचे चूर्ण वापरावे.

अशा रीतीने मांडणी केल्यास पुढील चित्र दिसावयास हवे.

लाळ : पिष्टावर स्पष्ट क्रिया, जिलेटिनवर नाही, दुधातील स्नेहावर नाही.
पपईचा चीक (गाळलेला द्राव) : पिष्टावर नाही, जिलेटिनवर स्पष्ट क्रिया.
मध : पिष्टावर सावकाश क्रिया, जिलेटिनवर दिसण्याजोगी नाही.
पॅन्क्रिएटिन : तिन्हींवर क्रिया, कारण त्यात तीन प्रकारची विकरे एकत्र असतात.
यांपैकी कोणताही द्राव पुरेसा उकळल्यावर : कशावरही नाही.

पपईच्या ओळीत स्नेहाचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. पपईच्या चिकात केवळ पपेन नसते. कायमोपपेन आदी भगिनी-विकरे असतात आणि चिकाच्या न विरघळणाऱ्या भागास चिकटलेले लायपेजही असते. त्यामुळे गाळलेला व न गाळलेला द्राव यांची स्नेहावरील परीक्षा वेगवेगळी येऊ शकते. एखाद्या वनस्पतिद्रव्याने दोन कार्यद्रव्यांवर क्रिया केली, तर एक विकर दोन कामे करते असे लगेच मानू नये. बहुधा विकरेच दोन असतात.

मधाविषयी थोडे अधिक सांगणे योग्य होईल. मधातील डायस्टेज मुख्यतः मधमाशीकडून येते आणि तापविल्याने कमी होते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मधाची डायस्टेज-क्षमता सामान्यतः ८ शाडे एककांपेक्षा कमी असू नये. एक ग्रॅम मधाने ४० अंश तापमानास एका तासात ०.०१ ग्रॅम पिष्ट फोडले तर ते एक एकक होय. मध तापवू नये या आपल्या शास्त्राच्या आदेशामागील कारणे निराळी आहेत. परंतु आपल्या हाती आलेला मध कोणी आधीच तापविला आहे काय, याचा सुगावा या परीक्षेने लागू शकतो. अर्थात काही फुलांच्या मधात हे विकर मुळातच कमी असते आणि बाहेरून विकर मिसळण्याची लबाडीही शक्य असते. म्हणून या एकाच परीक्षेवर मधाची शुद्धता ठरवू नये. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या विषयातील माहितीचे अधिकृत ठिकाण आहे.

फसवे निष्कर्ष आणि त्यांवरील उपाय

आधुनिक विकरशास्त्राच्या पुस्तकांत शुद्ध विकर व शुद्ध कार्यद्रव्य गृहीत धरलेले असते. आपले योग बहुद्रव्यी असतात. त्यामुळे आपल्यापुढील अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांचा विचार आपणच करावयास हवा.

आमलकी व इतर क्षपणकारक द्रव्ये : यांच्यामुळे आयोडीनचा रंग जातो. उपाय सोपा आहे. रंग गेलेल्या थेंबात आणखी आयोडीन घालावे. निळा रंग परत आला तर पिष्ट शाबूत आहे. शिवाय नमुना मिसळताच, म्हणजे शून्य मिनिटास, रंग जात असेल तर संशय घ्यावा. विकरास काही वेळ लागतोच.

हरीतकी, बिभीतक, डाळिंबसाल यांसारखी कषाय द्रव्ये : यांतील टॅनिन प्रथिनाशी बांधले जाते. विकर हे स्वतः प्रथिन असल्याने तेही निष्क्रिय होते. आणि चामडे कमावले जाते त्याच न्यायाने फिल्मवरील जिलेटिनही कमावले जाऊन चिवट होते. चांगले विकर असूनही परीक्षा नकारात्मक येते. येथे पाचवी नळी ठेवावी. नमुन्यात खात्रीचे विकर मुद्दाम मिसळून पाहावे. तेही निष्प्रभ झाले तर योगातच अडथळा आहे असे समजावे. हा अडथळा केवळ परीक्षेतला आहे की रुग्णाच्या उदरातही येणार, हा प्रश्न मग निर्मात्याने स्वतःस विचारला पाहिजे.

अम्ल द्रव्ये : लिंबू, चिंच, आमसूल, अनारदाणा यांच्या अम्लतेने गुलाबी दुधाचा रंग लगेच जातो, तसेच साधे दूध नासते. दोन्ही गोष्टी लायपेजच्या वा प्रथिनपाचकाच्या क्रियेसारख्या दिसतात. उकळलेल्या नमुन्याची नळी येथे खरे-खोटे सांगते. अन्यथा नमुना आधी सोड्याच्या पाण्याने उदासीन करून घ्यावा.

धातू : पपेनच्या कार्यस्थानी गंधकयुक्त घटक असतो. विद्राव्य पारद, रौप्य व ताम्र यांमुळे तो निकामी होतो. म्हणून चीक तांब्याच्या भांड्यात गोळा करू नये किंवा वाळवू नये, लोखंडी भांडेही टाळावे. आणि भस्मयुक्त योगात चीक घालावयाचा असल्यास मिश्रण करून महिनाभर ठेवल्यानंतर पुन्हा परीक्षा करावी.

आर्द्रक व शुंठी : ताज्या आल्यात प्रथिन फोडणारे विकर असते, म्हणूनच आल्याच्या ताज्या रसाने कोमट दूध घट्ट होते. ते उष्णतेने लवकर नष्ट होते. सुंठ करताना ते कितपत टिकते हे वाळविण्याच्या रीतीवर अवलंबून राहील. आर्द्रक व शुंठी यांचे गुण आपल्या निघंटूंनी वेगळे सांगितले आहेत. या एका बाबतीत तो वेगळेपणा फिल्मच्या तुकड्यावर पाहता येतो.

‘किती’ हा पुढील प्रश्न

वरील परीक्षा ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगते. दोन कार्यद्रव्यांपैकी विकरास कोणते अधिक मानवते हे सांगण्यासाठी संख्या लागतात. प्रयोगशाळेत प्रत्येक कार्यद्रव्याची निरनिराळी तीव्रता घेऊन पहिल्या काही मिनिटांतील वेग मोजतात. कमी तीव्रतेतही वेग चांगला राहिला तर त्या कार्यद्रव्याविषयी विकराची ओढ अधिक. १९१३ मध्ये मायकेलिस व मेंटेन यांनी बसविलेल्या सूत्रावर ही पद्धत आजही चालते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. पेनिसिलिन-जी व पेनिसिलिन-व्ही या दोन औषधांच्या पार्श्वशाखेत केवळ एका ऑक्सिजन अणूचा फरक आहे. तरीही त्यांना फोडणारी विकरे वेगळी आहेत. एकास जी मानवते, दुसऱ्यास व्ही. दोहोंच्या क्रियेतून अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन आदींसाठी लागणारा समान गाभा मिळतो, म्हणून औषधोद्योगात त्यांना महत्त्व आहे. व्ही फोडणाऱ्या एका जिवाणुजन्य विकराची त्रिमितीय रचना या प्रयोगशाळेने इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २००६ मध्ये आतड्यात राहणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूतील पित्तलवण फोडणाऱ्या विकराची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा ही दोन विकरे एकाच कुळातील असल्याचे स्पष्ट झाले. एक पेनिसिलिन फोडणारे, दुसरे पित्तातील लवण फोडणारे. कूळ एक, कार्यद्रव्य भिन्न. रूप सारखे म्हणून कर्म सारखे असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून दिसते.

भारतीय औषधकोशातही डायस्टेजची क्षमता पिष्टावर, तर पेप्सिन व पपेन यांची प्रथिनावर मोजण्यास सांगितले आहे. माल खरेदी करताना विक्रेत्याच्या विश्लेषणपत्रावर केवळ ‘क्षमता उत्तम’ असा शेरा असेल तर तो पुरेसा मानू नये. कोणत्या कार्यद्रव्यावर, किती अंश तापमानास, किती अम्लतेस आणि किती वेळात, ही चार उत्तरे पत्रावर असलीच पाहिजेत. ही चार उत्तरे नसतील तर दोन विक्रेत्यांच्या आकड्यांची तुलनाही करता येत नाही.

वैद्य आणि निर्माते यांच्यासाठी

निर्मात्यांनी प्रत्येक खेपेच्या कच्च्या मालाची परीक्षा मिश्रणापूर्वी करावी. मिश्रणानंतर अडथळे वाढतात. पपईचा चीक हवाबंद, कोरड्या व थंड जागी ठेवावा आणि पावसाळ्यानंतर त्याची पुन्हा परीक्षा करावी. प्रत्येक परीक्षेची तारीख, खेप क्रमांक, चारही नळ्यांचे निष्कर्ष व लागलेली मिनिटे यांची नोंदवही असावी. औषध नियमावलीच्या ‘टी’ परिशिष्टाने २००० सालापासून आयुर्वेदीय निर्मितीसाठी गुणनियंत्रणाची अपेक्षा घालून दिली आहे. घरगुती परीक्षा ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालास पर्याय नव्हे. परंतु कोणता नमुना तेथे पाठवावा आणि अहवालात काय विचारावे, हे तिच्यामुळे कळते. योगातील प्रत्येक द्रव्य आपल्या परवान्यात बसते किंवा नाही, हेही आधी पाहून घ्यावे. वेष्टनावर ‘सर्व प्रकारचे अन्न पचविते’ असे लिहिण्यापूर्वी तिन्ही कार्यद्रव्यांवरील निष्कर्ष डोळ्यांसमोर आणावेत.

वैद्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली अशी की, परीक्षानळीत यश आले म्हणजे रुग्णाच्या उदरात येईलच असे नाही. लाळेतील अमायलेज जठराच्या तीव्र आम्लात टिकत नाही. म्हणून नमुना तासभर आम्ल द्रावात ठेवून, उदासीन करून, पुन्हा तपासावा. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. हिंग्वष्टक अथवा लवणभास्कर चूर्ण या तिन्ही परीक्षांत अनुत्तीर्ण झाले, तर ते निरुपयोगी ठरत नाही. त्यांचे कर्म विकर पुरविण्याचे नाही. अग्नी प्रदीप्त करणे, वायूचे अनुलोमन करणे हे आहे, आणि त्याची परीक्षा रुग्णावरच होते. परीक्षानळी एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून घेऊ नये.

यातून चिकित्सेतही सूक्ष्मता येते. डाळी-कडधान्यांनी त्रास होणारा, भात-बटाट्याने जडपणा येणारा आणि तळलेल्या पदार्थांनी अस्वस्थ होणारा, हे तीन रुग्ण ‘अपचन’ एवढीच तक्रार घेऊन येतात. पपेनयुक्त औषध तिघांना सारखे देणे तर्काला धरून नाही. डाळीचा त्रास असणाऱ्यास तर औषधापूर्वी डाळ भिजविणे, मोड आणणे व पुरेशी शिजविणे सांगावे, कारण ओलसर उष्णतेने त्यातील ट्रिप्सिनरोधक बहुतांशी निष्प्रभ होतात. वजन घटत जाणे, चिकट व तेलकट मलप्रवृत्ती अशी लक्षणे असल्यास अग्न्याशयाची तपासणी करून घ्यावी; तेथे अनिश्चित क्षमतेच्या चूर्णावर वेळ घालविणे रुग्णास महागात पडते. पपईच्या चिकाची अॅलर्जी असणाऱ्यांना व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना पपेन देताना सावध असावे.

समारोप

आमच्या निर्माणशाळेत आता प्रत्येक खेपेस बारा नळ्या मांडल्या जातात. त्यास दीड तास लागतो आणि खर्च नगण्य येतो. एका पावसाळ्यानंतर जुन्या साठ्यातील चिकाने फिल्मवर ठिपकासुद्धा उमटविला नाही, तेव्हा तो साठा नष्ट केला. तोटा झाला, पण तो आमच्या वहीत झाला, रुग्णाच्या पोटात नव्हे.

ज्या बंधू-भगिनींना या परीक्षा करावयाच्या असतील त्यांनी आरंभ लाळ आणि साध्या खळीपासून करावा. चारही नळ्यांचे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आले की मगच आपल्या औषधाकडे वळावे. आणि निष्कर्ष नोंदविताना ‘पाचक आहे’ एवढेच न लिहिता ‘अमुक द्रव्याचे, अमुक वेळात’ असे पूर्ण वाक्य लिहावे.